हजार भजनांचा प्लेअर

सोलापूरला माहेरी पोचले, तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या आईच्या उशाशी काडेपेटीएवढा प्लेअर मोठमोठ्यानं भजनं म्हणत होता. धाकटा भाऊ विरुपाक्ष दारातूनच कौतुक सांगू लागला, "अक्का, हजार भजनं हायत की यात. एकदा चार्ज केला की दिवसभर बघायला नको. पूर्वी टेपची कॅसेट अर्ध्या तासाला उलटायला लागायची, ती कटकट गेली." मी पांघरूण उचललं. मुताचा भपकारा आला. ओली चादर आईच्या पाठीला चिकटली होती. "अव्वा, हाक नाही मारलीस?" मी आईला विचारलं. "मारली की. ह्याच्या आवाजात कुणाला ऐकू जातंय?" मी प्लेअर बंद केला, तसा विरुपाक्ष नाकाला रुमाल लावून म्हणाला, "राहू दे की. शेजारी म्हणत्यात, पोरगा आईचं लई करतोय." आईनं माझा हात धरला. "माळ्यावरचा टेप काढ बाई. कॅसेट उलटायला तरी कुणी आत यायचं."