ज्या घरी पालखी येत नाही

"नोकरी खोटी सांगता येते, पगार खोटा सांगता येतो. शिमग्यात गावदेवाची पालखी घरी कितव्या दिवशी येते ते विचार, माणूस तिथेच कळतो," आई सांगायची. म्हणून लग्न जुळवायच्या ॲपवर ओळख झालेल्या दत्तारामांना मी तेच विचारलं.

"आमच्याकडे पालखी येत नाही," त्यांनी लिहिलं. "का, ते गावातच विचारा."

"विचारते. कारण पटलं, तर मिळेल त्या गाडीने तुमच्या आईंना भेटायला येईन. शब्द देते."

सकाळची पोथी वाचून झाली आणि मी त्यांच्या गावात दुकान असलेल्या, मैत्रिणीच्या ओळखीतल्या जाईकाकींना फोन लावला. स्थळाची चौकशी म्हणून दत्तारामांच्या घरी पालखी का येत नाही, ते विचारलं.

"त्या घरात नको गो पडू!" काकी कडाडल्या. "भाऊ गेला, तर भावजयीचं दुसरं लग्न लावून दिलंन त्याने. गावाने पालखी बंद केली, तरी छाती काढून फिरतो मेला!"

मला हसू आवरेना. "काकी, रत्नागिरीहून तुमच्याकडे यायला आता गाडी कधी आहे?"

"अगो, मी सांगितलं ते ऐकलंस ना?"

"ऐकलं तर."

माझे यजमान जाऊन सहा वर्षं झाली, हे काही मी काकींना सांगितलं नाही. देवाला नमस्कार केला, दाराला हळूच कडी लावली आणि स्टँडकडे निघाले.