गुडघ्यांची फळी

बास्त्यावकाकांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि तिसऱ्या बाकापुढे बसकण मारली. जुन्या चॅपलची अभ्यासिका झाली, तिथे ते शिपाई झाले, इथवर त्यांनी चालवून घेतलं. पण प्रार्थनेच्या फळ्यांवर पोरं चपलांसकट पाय ठेवतात, हे त्यांना बघवत नव्हतं. या फळीत तर त्यांच्या आईच्या गुडघ्यांचे खळगे होते.

आज स्पर्धा परीक्षेचा निकाल. कुणालाच स्वस्थ बसवत नव्हतं. सगळीकडे पाय हलत होते, फळ्या खडखडत होत्या आणि उंच कमानीखाली तो आवाज दुप्पट घुमत होता. काकांनी दोन स्क्रू सैल केले.

"काय करताय, काका?" बाकावरच्या भार्गवीने विचारलं.

"काढून टाकतोय. पाय ठेवायला नाहीत या."

"मग कशाला आहेत?"

"गुडघे टेकायला."

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "लागला."

भार्गवीने मोबाइल हातात घेतला आणि न बघताच पालथा ठेवला. मग चपला काढून ती खाली सरकली, फळीवर गुडघे टेकले आणि डोळे मिटून घेतले.

फळी डुगडुगली. काकांनी ती एका हाताने घट्ट धरली आणि दुसऱ्या हाताने स्क्रू आवळायला घेतले.