बारावं पत्र

हलगी काही थांबेना. हैबतीअण्णांच्या गळ्यात हारावर हार पडत होते आणि अण्णा हार घालणाऱ्याकडं न बघता बायकांच्या घोळक्याकडं बघत होते. गावच्या सगळ्या होत्या. गोजरा तेवढी दिसत नव्हती.

"गेनू, तुझी वैनी कुठं दिसंना रं?"

गेनू शिंपी शेजारूनच चालला होता. त्यानं ऐकलं, आणि एकदम हात वर करून आरोळी ठोकली, "भारतमाता की..."

"जय!" गावानं पुरं केलं.

अण्णांना वाटलं, असंल घरी. पुरणपोळीच्या नादाला लागली असंल. जंगल सत्याग्रहात राखीव रानात गावची पहिली कुऱ्हाड अण्णांनी घातली होती. वर्षाची सजा झाली, आणि आता सरकारशी समझोता झाला म्हणून चार महिने आधीच सुटका झाली. आठ महिन्यांत गोजरेची आठ पत्रं आली. ती सांगायची, गेनू लिहायचा. सगळी खुशालीची. माघात गारपिटीनं शाळू भुईसपाट झाल्याचं नव्या कैद्यांनी सांगितलं, आणि त्याच आठवड्यात पत्र आलं, 'शाळू झकास आलाय, दाणा मोत्यावानी हाय.' अण्णांनी ते साऱ्या बराकीत फिरवलं.

"बघा रं, हिला म्हणायची बाई! पीक गेलं, पर तोंडातनं हूं का चूं न्हाई."

वाईट कळवायचं नाही, हा नियम अण्णांचाच होता. त्याआधी मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी धोंडी मगर तुरुंगात गेला, आणि बायको अंथरुणाला खिळल्याचं पत्र येताच पंधराव्या दिवशी माफी लिहून परत आला. अण्णांनी त्याला भर चावडीत 'बायकोच्या पदराला बांधलेला गडी' म्हणून हिणवलं. मग देवळापुढं सारं गाव गोळा केलं. "तुरुंगात वाईट बातमी धाडायची न्हाई. माणूस मरू दे, घर जळू दे. जो कळवंल तो सरकारचा." गावानं बेलभंडार उचलून शपथ घेतली. आमचं गाव शब्दाला पक्कं. इतकं पक्कं कशाला असावं माणसानं, असं आता वाटतं.

वेशीपासून लांब, लिंबाखाली धोंडी उभा होता. त्याला अजून कुणी जवळ करत नव्हतं. शेजारी त्याची बायको तानी उभी होती, चांगली धडधाकट. अण्णांनी तिकडून मान फिरवली.

मिरवणूक अण्णांच्या बोळापाशी आली आणि सरळ पुढं निघाली. अण्णा थांबले.

"आरं, घर हिकडं हाय माझं. इसरला काय आठ म्हैन्यांत?"

कुणी हसलं नाही. हलगीवाल्याचे हात आपोआप थांबले. बायकांनी पदर तोंडाला लावले. अण्णांनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं, आणि जो तो खाली बघायला लागला. मग त्यांनी हार काढून गेनूच्या हातात दिले आणि एकटेच बोळात शिरले.

दाराला बाहेरून कडी होती. तुळशीच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. चूल सारवून ठेवलेली, आत राखसुद्धा नव्हती. अण्णा चुलीपुढं बसून राहिले. गेनू मागोमाग येऊन दाराशी उभा राहिला.

"कवा?" अण्णांनी न वळता विचारलं.

"दसऱ्याच्या आधी. कावीळ झाली. वीस दिस हातरुणात हुती."

"दसऱ्यानंतर सहा पत्रं आली मला."

"तिनंच सांगितली. वैद्यानं हात टेकलं, तवा मला बोलावनं धाडलं. दोन दिसांत धा पत्रं लिवली. आधीची दोन धरून बारा. सजा वर्साची हुती न्हवं? शाळूचं, म्हशीचं, समदं अंदाजानं. मी म्हैन्याला येक टाकत गेलो."

अण्णा हात उगारून ताडकन उठले. "आन् मला कळवायचं न्हाई? तू मानूस हायस का कोन?"

गेनूही भडकला. "कळवलं असतं तर सरकारचा झालो असतो की! तुमीच म्हनला हुता. आपलंच दात आन् आपलंच ओठ, अण्णा. मी कुनाला सांगू? सहा म्हैने जेवान ग्वाड लागलं न्हाई मला."

अण्णांचा हात खाली आला. गेनूनं बंडीच्या खिशातून चार पत्रं काढली. तीन एकत्र बांधलेली होती, एक वेगळं.

"ही तीन तसलीच, खुशालीची. बारावं निराळं हाय. ते टपालात टाकू नगा म्हनाली. सुटून आल्यावर हातात द्या. म्हंजी नियम मोडत न्हाई."

पत्र देऊन गेनू निघून गेला. लांब चावडीवर गाव अण्णांची वाट बघत होतं. अण्णा उंबऱ्यावर उजेडाला बसले. निदान शेवटी तरी 'आलासा का?' असं काही म्हणाली असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी घडी उलगडली.

'शिरसाष्टांग नमस्कार. डोळं हळदीवानी पिवळं झाल्यात. आजपातुर समदं खोटं सांगितलं, ह्यात खरं सांगते. मला मरायचं लई भ्या वाटतंय. धोंडीभावजी आले तशी तानी चार दिसात उठून बसली. तुमी बी माफी लिवा, पर या.'