निरांजनाची ऊब

वसुबारसेला दीपमालानं निरांजन ओवाळलं, पण ज्योत डोळ्यांपुढून फिरली तरी ढवळीची पापणी हलली नाही. पावसाळाभर ती गाय ओढ्याकाठी चरायची, आणि जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या शेडचं पाणी त्याच ओढ्यात उतरायचं. शिसं अंगात भिनून तिची नजर गेली, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी पहिलं एवढंच विचारलं, "हिचं दूध घरात कोण पितं?" त्या प्रश्नानं घाबरून दीपमालानं रोज तेच दूध पिणाऱ्या आरोहीला नाशिकला नेलं, रक्त तपासून घेतलं. लेकीची जुनी पोटदुखी शिशाचीच निघाली. वेळेवर कळलं, म्हणून पोर हाती लागली. "मम्मी, हिला दिसत नाय, मग दिवा कशाला ओवाळतेस?" आईच्या हातातल्या निरांजनाकडं बघत आरोहीनं विचारलं. "हिनं आधी सोसलं, म्हणून तू माझ्यापुढं उभी हायेस." आरोहीनं ज्योतीवर दोन्ही तळवे धरले आणि ती ऊब स्वतःच्या डोळ्यांना न लावता गाईच्या डोळ्यांवर ठेवली. ढवळीनं पापण्या मिटल्या.