समोरची खुर्ची

बाथरूममधून हसण्याचा आवाज आला, तेव्हा शोभना पोह्यांवर कोथिंबीर घालत होती. तिचा हात तसाच थांबला. इला आंघोळीच्या वेळी हसते? जन्मापासून त्या पोरीचे पाय चालत नव्हते, हात खांद्याच्या वर जात नव्हते, आणि रोज सकाळी शॉवरखालच्या खुर्चीत बसवून तिला आंघोळ घालायची ती शोभनानंच. पाणी गरम आहे, साबण डोळ्यांत गेला, आई लवकर कर. यापलीकडे त्या बाथरूममध्ये कधी काही बोलणं झालं नव्हतं.

आणि ही सावनी. नागपूरहून इथल्या युनिव्हर्सिटीत शिकायला आलेली, आज कामाचा पहिला दिवस, आणि आल्या आल्या हसवतेय.

२००५ च्या त्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या पिस्कॅटवेच्या घरी एक सोशल वर्कर येऊन गेली होती. इलाच्या मदतीसाठी राज्य सरकार मदतनीस पुरवणाऱ्या एजन्सीला जे पैसे द्यायचं, ते आता इलाच्या हाती येणार होते. माणूस कोण ठेवायचं, कधी बोलवायचं, काय काम सांगायचं, सगळं इलाच ठरवणार. घरातलं माणूस ठेवलं तरी चालेल, असंही ती म्हणाली. एजन्सीच्या बाया दुपारी यायच्या. सकाळ आधीपासून शोभनाचीच होती. त्यामुळे तिनं मनातल्या मनात फार्मसीतली नोकरी सोडूनही टाकली.

इलानं मात्र युनिव्हर्सिटीच्या नोटीस बोर्डावर जाहिरात लावली.

"मला का नाही ठेवत?" शोभनानं विचारलं होतं.

"आई, तुला मी फायर कशी करणार?"

शोभनाला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. पण इला हसत नव्हती.

मुलाखतीला तिघी आल्या. प्रश्न इला विचारणार असं ठरलं होतं, तरी शोभनाला राहवलं नाही. मुलगी बघायला बसल्यासारखं तिनं प्रत्येकीला गाव कुठलं, वडील काय करतात, स्वयंपाक येतो का, सगळं विचारून घेतलं. एकीची नखं लांब होती. दुसरी सारखी घड्याळाकडे बघत होती. सावनीत काही म्हणता काही खोट सापडली नाही, म्हणून तीच सगळ्यात जास्त डोळ्यांत खुपली.

तिच्यासाठी खायला काही करू नकोस, ती कामाला येतेय, असं इलानं काल बजावून सांगितलं होतं. तरी आज पोहे झालेच. एकदा पोहे खाल्ले की पोरगी घरची होते, आणि घरच्या पोरीला काकूचं ऐकावं लागतं, असा शोभनाचा साधा हिशेब होता.

आत पुन्हा हसणं झालं. शोभना टॉवेल घेऊन बाथरूमच्या दाराशी गेली आणि हवाय का, म्हणून विचारलं. आहे काकू, असं आतून उत्तर आलं. ती तिथंच उभी राहिली.

"भांग कुठे पाडू?" सावनी विचारत होती.

"आय डोन्ट नो," इला म्हणाली. "आई मधेच पाडते. साइडला ट्राय कर ना."

शोभना जळत होती. त्याला दुसरं नाव नव्हतं. पोटच्या पोरीच्या भांगावरून परक्या पोरीचा मत्सर करायचा, हे काही बरं नव्हे, तिला कळत होतं. पण कळून काही कमी होत नव्हतं.

दार उघडायच्या आत ती स्वयंपाकघरात परतली आणि टेबलावर बशी मांडली. इला आपली चाकांची खुर्ची चालवत बाहेर आली. भांग एका बाजूला, तोही वाकडा. मागून ओल्या बाह्यांनी सावनी आली.

"बस गं, खाऊन जा," शोभना म्हणाली.

सावनीनं आधी इलाकडे पाहिलं. शोभनाकडे नाही, इलाकडे.

"आजचं झालं तुझं काम," इला म्हणाली. "क्लासला लेट होशील. थँक्स, यार."

येते काकू, म्हणून सावनी बूट घालून गेलीसुद्धा. पोहे बशीतच राहिले. शोभनानं खिडकीवरचा कंगवा उचलला आणि सवयीनं लेकीच्या मागे जाऊन उभी राहिली.

"आई, डोन्ट."

"भांग वाकडा पाडलाय तिनं."

"असू दे." इलानं खुर्ची गर्रकन वळवली. "तू सकाळी नेहमी माझ्या मागे असतेस. मला फक्त तुझे हात दिसतात. समोर बस ना."

शोभना सावनीसाठी ओढून ठेवलेल्या खुर्चीवर बसली. मध्ये पोह्यांची बशी. समोरून तर भांग आणखीच वाकडा दिसत होता, कानाजवळची एक बट नीट पुसलीही नव्हती. बोटं शिवशिवत होती. तिनं कंगवा टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

इला तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. कपाळाकडे, मग जरा वर.

"आई," ती म्हणाली, "तुझा पण वाकडाच आहे."

शोभनाचा हात सुटून आपसूक स्वतःच्या डोक्याकडे गेला. ते बघून इला हसायला लागली, अगदी मघासारखी. या वेळी मध्ये दार नव्हतं.