वरची चिठ्ठी

"हात मांगं बांदून नोको उभा राहू. ते आमचं काम हाये," देवराव खुर्चीतून म्हणाला.

जानरावने हात पुढे घेतले. खुर्ची शेजारच्या मास्तरांकडून मागून आणली होती आणि रविवारच्या दुपारी बाप तिच्यात साहेब होऊन बसला होता. उद्या अकोल्यातल्या त्याच्याच ऑफिसात इंजिनियर साहेब सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला दोन मुलं घेणार होते. जानरावचं अमरावतीला डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. ट्रेनिंग नाही तर डिप्लोमाही नाही. साहेबांच्या दारावर देवराव अकरा वर्षं चपराशी होता. साहेब काय विचारतात, ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

आई, मैनाबाई, तांब्यात निखारे घालून उद्याच्या सदऱ्यावर फिरवत होती.

सिमेंट-रेतीचं प्रमाण विचारून झालं, पुलाचा पाया झाला. पोरगा कुठेच अडला नाही. देवराव खूश झाला, आणि खुशीत नको ते बोलून गेला.

"आता दारावरचं घेऊ," म्हणत तो खुर्चीवरून उठला आणि पाटावर बसला. आवाज एकदम गोड झाला. "या भाऊ, पानी घेता? नावाची चिठ्ठी द्या. वानखडे काय? कोन्या गावचे? गावात घर कोन्या बाजूले?"

जानराव हसला. "हे साहेब इचारते काय?"

"साहेब कायले इचारीन? मी इचारतो. वानखडे कुणब्यातबी हायेत, आपल्यातबी. कागदावरून साहेबाले समजत नाई. मंग मी चिठ्ठ्या लावून देतो. त्याइच्या वर, आपल्या खाली. खालच्या येईस्तोवर जागा भरून जाते."

मैनाबाईने तांब्या खाली ठेवला.

"अकरा वर्सं?" जानरावने विचारलं.

"साहेबानं पयल्याच हप्त्यात सांगतलं होतं. नाई म्हनलो असतो त तू अमरावतीले शिकला असता काय?"

"आन त्या पोट्ट्याइले पानी देत होते तुमी?" मैनाबाई म्हणाली.

"पानी सगळ्याइलेच देतो."

हे त्याने इतक्या प्रामाणिकपणे सांगितलं, की ऐकणाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात जावी. आठ वर्षांपूर्वी हाच माणूस नागपूरला जाऊन बावीस प्रतिज्ञा घेऊन आला होता. दुसऱ्या दिवशी वेळेवर दारावर हजर झाला होता आणि चिठ्ठ्याही तशाच लावल्या होत्या.

"उद्या तुयी चिठ्ठी सगळ्यात वर," देवराव घाईघाईने म्हणाला. "साहेबाले काय मालूम मायं आडनाव! त्याले निस्तं देवराव माईत हाये. पन ओळख दाखवाची नाई. बाबा म्हनाचं नाई. मोठ्या घरचे पोट्टे येते तसं दारात याचं. ए चपराशी म्हनाचं. म्हन पाहू."

जानराव उभाच राहिला.

"म्हन ना बाबू. दोनच जागा हायेत."

जानरावने आईकडे पाहिलं. तिने सदऱ्याची घडी घालायला घेतली होती, मान वर केली नाही. मग तो बापाकडे वळला.

"ए चपराशी! साहेब आहेत का आत?"

देवराव पाटावरून ताडकन उठला.

"बराबर हाये," तो हळूच म्हणाला. "पन उद्या एवढ्या रागानं नोको म्हनजो. ते पोट्टे रागानं नाई म्हनत."