रोवनच्या बिया

आर्डिस काठी टेकत स्वयंपाकघरात आली, तेव्हा तिची ओल्या वाळूची पिशवी हीटरवरच्या खिडकीत ऊब खात पडली होती आणि तिचा मुलगा लोवेल फ्रिज रिकामा करत होता.

"ही कुणी बाहेर काढली?"

"मीच. बिया आहेत ना वाळूत? आत गारठून मेल्या असत्या."

"अरे गाढवा, रोवनच्या बिया आहेत त्या. त्यांना थंडीच लागते. अर्ध्या हिवाळ्यात ऊब दिली तर रुसून बसतात, वर्षभर डोळा उघडत नाहीत."

दारातलं रोवनचं झाड थंडीच्या तोंडाशी वादळात आडवं झालं होतं. त्याची लाल फळं आर्डिसने पाखरांच्या आधी वेचली होती.

लोवेल फिनिक्सहून तिला न्यायला आला होता. ती बर्फावर घसरल्याचं कळल्यापासून त्याच्या जिवाला घोर होता.

"आई, तिथे बारा महिने ऊन. बोटभर बर्फ दिसायचा नाही तुला."

"म्हणूनच नाही यायचं."

"या बियांसाठी? हे झाड फुलणार कधी?"

"दहा-बारा वर्षांनी."

"तेव्हा तू असशील का?" बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

"नसेन. म्हणून पेरायचं सोडू? फुलं बघायला तू ये."

लोवेलने फ्रिजचं दार लावलं. मग गाडीतून 'घर विकणे आहे'ची पाटी आणि हातोडा काढून तो तडक अंगणात गेला.

आर्डिस संतापली होती, पण तिचे हात थांबले नाहीत. तिने दुधाचा प्लास्टिकचा रिकामा कॅन मधोमध कापला, बुडाला भोकं पाडली, माती भरली, वाळूसकट बिया पेरल्या आणि वरचा भाग पुन्हा चिकटपट्टीने बसवला. इथे डुलुथमध्ये सगळे असंच पेरतात. बाकीचं काम बर्फ करतो.

बाहेर हातोड्याचे घाव चालूच होते. कॅन काखेत मारून ती पायरी उतरली. लोवेल घामाघूम झाला होता. पाटीचा खांब जमिनीवर आपटून नुसता उसळत होता, टोकाला चिरलाही होता. फेब्रुवारीत इथली जमीन दगड होते, हे उन्हात राहून तो साफ विसरला होता. याच अंगणात वाढलेला मुलगा! आर्डिसला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

जुन्या बुंध्याशेजारचा बर्फ तिने काठीने उकरला आणि खळग्यात कॅन घट्ट बसवला.

"जमीन मे महिन्यात मऊ होते," ती म्हणाली. "तेव्हा ये. आधी माझी रोपं लागतील. मग जागा उरली तर तुझी पाटी लाव."